इंग्लंडच्या नॉन-लीग मैदानावर हंगामापूर्वीची फ्रेंडली कशी पाहावी

जुलैच्या पहिल्या शनिवारपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत इंग्लंडच्या गावागावांत, उपनगरांत फुटबॉलचे सराव सामने चालू असतात. तिकडे त्यांना सरळ ‘फ्रेंडली’ म्हणतात. गुण नाहीत, करंडक नाही, आणि निकाल आठवडाभरात कोणाच्या लक्षातही राहत नाही. तरीही फुटबॉल जवळून समजून घ्यायचा असेल तर वर्षातले हेच पाच-सहा आठवडे सर्वांत कामाचे. रेलिंगला टेकून उभं राहिलं की प्रशिक्षक काय ओरडतोय ते शब्द न् शब्द ऐकू येतं आणि संघ घडताना दिसतो. लंडनच्या पश्चिमेकडच्या हॅरो, हेझ, हौन्स्लो, स्लाऊ अशा भागांत राहणाऱ्या आणि प्रीमियर लीग फक्त टीव्हीवर पाहणाऱ्या मराठी मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. पण पद्धत इंग्लंडभर थोड्याफार फरकाने हीच.

आधी रचना समजून घ्या. प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू मिळून ९२ क्लब होतात. त्याखालचं सगळं नॉन-लीग. पाचव्या पातळीवरची नॅशनल लीग म्हणजे ‘स्टेप १’, तिच्या नॉर्थ आणि साउथ शाखा म्हणजे स्टेप २. स्टेप ३ आणि ४ वर इस्थमियन, सदर्न, नॉर्दर्न प्रीमियर अशा लीग येतात, तर स्टेप ५ आणि ६ वर पूर्णपणे स्थानिक लीग. स्टेप ३ पासून खाली जवळपास सगळे खेळाडू अर्धवेळ. दिवसभर नोकरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. ही पायरी लक्षात असली की कोणत्या सामन्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं.

सामना निवडताना

फ्रेंडलीचं वेळापत्रक बहुतेक क्लब जूनमध्ये आपल्या संकेतस्थळावर आणि फेसबुक किंवा एक्सच्या पानावर टाकतात. घरापासून दहा मैलांतले पाच-सहा क्लब शोधा आणि सगळ्यांची पानं फॉलो करून ठेवा. मैदानं नकाशावर शोधून त्या दिवशी जवळ कुठे सामना आहे ते दाखवणारं ‘फुटबॉलॉजी’ नावाचं अॅपही आहे. पण शेवटचा शब्द नेहमी यजमान क्लबच्या पानाचा.

पहिल्या खेपेला मंगळवार संध्याकाळचा सामना निवडा. शेजारचे दोन नॉन-लीग क्लब, दोघांत एका पायरीचं अंतर, आणि तारीख जुलैच्या मधली, असा योग उत्तम. खालच्या पायरीवरचा संघ जीव तोडून खेळतो, वरचा संघ आपली रचना बसवू पाहतो आणि दोन्ही बाजूंना काहीतरी पाहण्यासारखं मिळतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात खेळाडूंचे पाय जड असतात आणि मैदानावर अनोळखी चेहऱ्यांची गर्दी असते. ज्याला नवे खेळाडू पारखायचे आहेत त्याला ते आवडेल, पण पहिला अनुभव म्हणून तो सामना विस्कळीत वाटतो. उलट लीग सुरू होण्याआधीचा शेवटचा शनिवार घेतलात तर मुख्य अकराजण ७०-७५ मिनिटं खेळताना दिसतात.

हा शेवटचा शनिवार प्रत्येक पायरीवर वेगळ्या तारखेला येतो, आणि इथे बरेच जण फसतात. एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची अगदी पहिली, म्हणजे एक्स्ट्रा प्रिलिमिनरी फेरी साधारण ऑगस्टच्या पहिल्या वीकएंडलाच होते. स्टेप ५ च्या क्लबांच्या लीगही जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतात. म्हणजे त्यांच्या फ्रेंडली जुलैतच आटोपतात. स्टेप १ ते ४ चे क्लब ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरुवात करतात.

मोठ्या क्लबच्या नावाला भुलू नका. जाहिरातीत एखाद्या लीग क्लबच्या, म्हणजे वरच्या ९२ पैकी एखाद्याच्या, नावापुढे ‘इलेव्हन’ असं लिहिलं असेल तर येणारा संघ बहुधा १८ ते २१ वर्षांच्या मुलांचा असतो, क्वचित दुखापतीतून उठलेला एखादा मोठा खेळाडू त्यांच्यात. खेळ सुंदर होऊ शकतो, पण टीव्हीवरचे चेहरे दिसतील या आशेने गेलात तर निराशा होईल. खरोखर पहिला संघ येणार असेल तर दर वाढतो, गर्दी तिप्पट होते आणि रेलिंगपाशी जागा मिळत नाही.

शेफील्डमध्ये शिकणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. १८५७ साली स्थापन झालेला शेफील्ड एफसी हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब आजही नॉन-लीगमध्ये खेळतो, शहराबाहेर ड्रॉनफील्डला. आणि १८६० च्या हॅलम एफसीचं सँडीगेट मैदान गिनेसच्या नोंदीनुसार जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान. त्या मैदानाचा उतार टीव्हीवर कधीच नीट कळणार नाही. एका बाजूच्या कॉर्नरपाशी उभं राहून समोर पाहा, चेंडू कुठल्या बाजूला घरंगळतो ते लगेच दिसतं.

निघण्याआधी

सामन्याच्या दिवशी दुपारी बारानंतर यजमान क्लबचं पान पुन्हा उघडा. फ्रेंडली जितक्या सहज ठरतात तितक्याच सहज मोडतात. कारणं ठरावीक आहेत. पाहुण्या क्लबचे सात-आठ खेळाडू एकाच वेळी सुट्टीवर गेलेले असतात. किंवा मे महिन्यात बी पेरलेलं नवं गवत अजून मूळ धरत नाही आणि मैदानाची देखभाल करणारा माणूस सामना दुसरीकडे हलवायला लावतो. म्हणूनच अनेक क्लब पहिले दोन-तीन सामने बाहेर खेळतात किंवा शेजारच्या कृत्रिम गवतावर जातात. एखादा सामना ‘बंद दाराआड’ असंही लिहिलेलं असतं. तिथे प्रेक्षकांना प्रवेश नसतो, फाटकापाशी जाऊन विनंती करण्यात अर्थ नाही.

सुरुवातीची वेळही पाहून घ्या. शनिवारी ३ ही रूढ वेळ, पण फ्रेंडली १ वाजताही असते. मंगळवारी पावणेआठ किंवा साडेसात. सामन्याची लांबी नेहमी ९० मिनिटं असेलच असं नाही. ३० मिनिटांचे तीन किंवा चार भाग असाही प्रकार असतो. तो आधी ठाऊक नसला की माणूस ६० मिनिटांनी सामना संपला समजून घरी जातो.

सोबत काय न्यावं? पातळ जाकीट, जुलै असला तरी. पावणेआठचा सामना साडेनवाच्या पुढे संपतो आणि सूर्य कलला की उघड्या मैदानावर वारा झोंबतो. जुलैच्या सुरुवातीला लंडनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड असतो, महिन्याच्या शेवटी पावणेनऊला सूर्य बुडतो आणि दुसऱ्या अर्धात प्रकाशझोत लागतात. खिशात १०-१५ पौंड रोख असू द्या. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, पण चहाच्या खिडकीवर किंवा लॉटरीच्या तिकिटाला नाणी लागू शकतात. छोटी वही आणि पेन न्या. त्याचं कारण पुढे येईल.

गाडीने जात असाल तर अर्धा तास आधी पोचा. ही मैदानं बहुधा घरांच्या गल्लीत असतात आणि कोणाच्या घराच्या तोंडाशी गाडी लावली तर ध्वनिक्षेपकावरून नंबर पुकारला जातो. रेल्वेने जाणं सोपं.  परतीची शेवटची गाडी मात्र आधी पाहून ठेवा.

फाटकातून आत

प्रवेश साधारण ५ ते १० पौंड, मुलांना पुष्कळदा फुकट. आसनक्रमांक नसतो. दोन्ही संघांच्या चाहत्यांना वेगळं बसवत नाहीत, वाटेल तिथे उभं राहा. आत गेल्यावर पहिलं काम टीम शीट, म्हणजे खेळाडूंची यादी, शोधण्याचं. क्लबहाउसच्या दाराशी किंवा चहाच्या खिडकीजवळच्या फळ्यावर कागद चिकटवलेला असतो. त्याचा फोटो काढा.

या कागदावर तीन-चार ओळींत नावाऐवजी ‘ट्रायलिस्ट ए’, ‘ट्रायलिस्ट बी’ असं दिसेल. हे चाचणीसाठी आलेले खेळाडू. अजून करार झालेला नसतो, म्हणून क्लब नाव लपवतो, नाहीतर शेजारचा क्लब उद्या सकाळी त्याला फोन करेल. काही वेळा तो दुसऱ्या क्लबच्या यादीत असतो आणि नाव फुटलं तर त्याचीच अडचण होते. म्हणून एखादा ट्रायलिस्ट तुम्हाला ओळखता आला तरी त्याचं नाव समाजमाध्यमांवर टाकू नका.

खाण्यापिण्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण आपल्यातले बरेच जण इथे चुकतात. चहाच्या खिडकीवर ‘बोव्हरिल’ नावाचं गरम पेय मिळतं. दिसायला काळ्या कॉफीसारखं, पण ते बीफच्या अर्कापासून करतात. चिप्स शाकाहारी समजून घेण्याआधी कशात तळल्या ते विचारा. बर्गरचं आणि चिप्सचं तेल एक असू शकतं, आणि उत्तरेकडे, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, बीफच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे. विचारलं तर कोणी वाईट मानत नाही. शाकाहारी माणसाला चीज-कांदा भरून भाजलेला ‘पाय’ (pie) आणि चहा बऱ्याच ठिकाणी मिळतो.

बियरचा पेला घेऊन मैदानाकडेला उभं राहता येतं का, हे पायरीवर ठरतं. १९८५ च्या कायद्याप्रमाणे प्रीमियर लीगपासून नॅशनल लीगपर्यंतच्या क्लबांच्या सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. त्याखाली ती बंदी नाही. दोन्हींपैकी एकच संघ वरच्या पातळीचा असला तरी नियम लागू होतो. त्यामुळे एरवी पेला बाहेर नेऊ देणारा क्लब, लीग क्लब पाहुणा आला की क्लबहाउसच्या दारातच थांबवतो. कृत्रिम गवताच्या मैदानांवर, उदाहरणार्थ २०१६ साली उघडलेल्या स्लाऊ टाउनच्या आर्बर पार्कवर, च्युइंगगम आणि काचेच्या वस्तू मैदानाजवळ नेऊ नयेत. गवताच्या धाग्यांत अडकलेलं गम निघता निघत नाही.

उभं कुठे राहायचं

पहिली पंधरा मिनिटं स्टँडमध्ये सर्वांत वरच्या ओळीत बसा. चार पायऱ्यांची उंचीही पुरते, संघाची रचना वरूनच कळते. बचावात चार आहेत की तीन, मधल्या फळीतला कोण मागे राहतो, चेंडू हरल्यावर स्ट्रायकर धावतात की मागे सरकतात, एवढं वहीत टिपा. मग खाली या आणि डगआउटच्या, म्हणजे प्रशिक्षक आणि राखीव खेळाडू बसतात त्या जागेच्या, बाजूला दहा-बारा पावलांवर रेलिंगपाशी उभे राहा. डगआउटच्या अगदी मागे नको. राखीव खेळाडूंची वाट अडते आणि समोरचं दिसतही नाही.

इथे कान उघडे ठेवा. ‘मॅन ऑन’ म्हणजे तुझ्या पाठीवर प्रतिस्पर्धी आहे. ‘टाइम’ म्हणजे मोकळा आहेस, घाई करू नकोस. ‘टर्न’ म्हणजे वळून पुढे बघ. ‘सेट’ म्हणजे चेंडू न थांबवता एका स्पर्शात परत दे. ‘स्क्वीझ’ म्हटलं की बचावफळी पुढे सरकते, ‘ड्रॉप’ म्हटलं की मागे येते. ‘शो हिम इन्साइड’ म्हणजे समोरच्याला कडेने जाऊ देऊ नकोस, आत वळायला लाव. हेच पाच-सात शब्द ९० मिनिटं फिरून फिरून येतात. एकदा ओळखीचे झाले की खेळाडू का सरकला ते तो सरकण्याआधी कळू लागतं. गोलकीपर आणि सेंटर हाफ (बचावफळीच्या मधला खेळाडू) सर्वांत जास्त बोलतात. ज्या संघाचा सेंटर हाफ गप्प आहे तिथे ऑफसाइडची रेषा विस्कटलेली दिसेल, पाहा हवं तर.

संध्याकाळच्या सामन्यात वायव्येचं ऊन डोळ्यांवर येणार नाही अशी बाजू घ्या. गोलच्या मागे उभं राहायचं तर सरावाच्या वेळी चेंडूकडे पाठ करू नका. रेलिंग आणि मैदानाची रेषा यांत जेमतेम दोन मीटर अंतर असतं आणि चुकलेला फटका सरळ हातातल्या चहावर येतो. मध्यंतराला बरेच लोक चालत दुसऱ्या गोलमागे जातात, आपला संघ ज्या बाजूला गोल करणार तिकडे. तुम्हीही जा, त्या फेरीत मैदान चारही बाजूंनी पाहून होतं.

काय पाहायचं

गोलसंख्या बाजूला ठेवा. ५-० हा निकाल ६० व्या मिनिटाला एका संघाने नऊ बदल केल्यामुळे लागलेला असू शकतो. दोन्ही संघांनी ठरवलं आणि रेफरीला आधी सांगितलं असेल तर बदलांना मर्यादा राहत नाही, बाहेर गेलेला परतही येतो. त्यामुळे मध्यंतरापर्यंत एक सामना आणि नंतर दुसरा, असं धरून चला. खरा खेळ पहिल्या ४५ मिनिटांत असतो.

ओळखण्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो. ट्रायलिस्टना जर्सी कमी पडतात. बाहेर आलेला १४ नंबर आपली जर्सी काढून राखीव खेळाडूच्या हातात देतो आणि पाच मिनिटांनी दुसराच १४ नंबर मैदानात असतो. ध्वनिक्षेपकावर काही सांगत नाहीत. म्हणून नंबरासोबत बुटांचा रंग, मोज्यावरच्या टेपची पट्टी, केस अशी एक खूण वहीत लिहा: ‘१४, नारिंगी बूट, डावखुरा’. वही लागते ती याच्यासाठी.

एक ट्रायलिस्ट निवडा आणि सलग दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा, चेंडू कुठेही असो. चेंडू मिळण्याआधी तो खांद्यावरून मागे वळून पाहतो का? पास चुकल्यावर लगेच परत धावतो का, की कमरेवर हात ठेवतो? कर्णधार त्याला चेंडू देतो की टाळतो? प्रशिक्षकही हेच पाहतात. पुष्कळदा त्याला मुद्दाम त्याच्या नेहमीच्या नसलेल्या जागी खेळवतात, कारण अर्धवेळ संघात १६-१८ खेळाडूंनी सगळ्या जागा भराव्या लागतात. अशा मैदानांवरून वर गेलेले पुष्कळ आहेत. पुढे इंग्लंडचा बचावपटू झालेला स्टुअर्ट पीअर्स नॉन-लीगच्या वील्डस्टोनकडून खेळता खेळता इलेक्ट्रिशियनचं काम करत होता आणि १९८३ मध्ये कोव्हेंट्रीला गेला. जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स, हॅलिफॅक्स, फ्लीटवुड असा चढत २०१२ मध्ये लेस्टरला पोचला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता झाला. रेलिंगशी वही घेऊन एकटाच उभा असलेला माणूस तुमच्यासारखा हौशी असेल, किंवा एखाद्या क्लबसाठी खेळाडू हेरणारा स्काउट.

कॉर्नर मिळाला की मोजा: गोलसमोरच्या पेनल्टी पेटीत किती जण गेले, मध्यरेषेजवळ किती थांबले. कॉर्नर घेणारा हात वर करतो ती खूण असते. एक हात, दोन हात, चेंडू उचलून पुन्हा ठेवणं. तीन कॉर्नर पाहिलेत की कोणत्या खुणेला चेंडू जवळच्या खांबाकडे येतो ते बहुधा उलगडतं. हंगामात हे गुपित असतं, जुलैत ते नुकतं बसवलं जात असतं आणि चुका उघड दिसतात.

रेफरीबाबत सबुरी ठेवा. फ्रेंडलीत नेमलेले सहायक नेहमी मिळत नाहीत. मग झेंडा क्लबच्याच कोणाच्या तरी हातात असतो आणि ऑफसाइडचे निर्णय डळमळतात. एखादा खेळाडू तापला तर लाल कार्ड काढण्याऐवजी रेफरी प्रशिक्षकाला ‘याला बाहेर घ्या’ असं सुचवतो, आणि त्याच्या जागी दुसरा येतो. नियमाच्या पुस्तकात हे सापडणार नाही, पण सरावाच्या सामन्यात दोन्ही बाजूंना ते सोयीचं असतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची लढत पाहून जे मोठे झाले त्यांना इथला प्रेक्षक फार थंड वाटेल. शंभर-दोनशे माणसं, टाळ्या मोजक्या. पण शेजाऱ्याला ‘नवा लेफ्ट बॅक कोण?’ एवढं विचारा, पुढची वीस मिनिटं तो क्लबचा सगळा इतिहास सांगेल. शिवीगाळ मात्र चालत नाही, इतक्या शांततेत ती सगळ्यांना ऐकू जाते.

मुलं सोबत असतील तर मध्यंतराला गोलपेटीत खेळू देतात का, ते कर्मचाऱ्याला विचारा. नव्या गवतामुळे काही क्लब जुलैत ठाम नाही म्हणतात. आणि चेंडू कुंपणाबाहेर तुमच्या बाजूला आला तर आणून द्या, खालच्या पायऱ्यांवर तेवढ्यासाठी वेगळी मुलं ठेवलेली नसतात.

शिट्टी वाजल्यावर

लगेच निघू नका. शेवटची १५-२० मिनिटंच मिळालेले खेळाडू मैदानाच्या एका टोकाला धावण्याच्या फेऱ्या मारतात. त्यांची दमछाक पाहिली की कोणाची तयारी किती झाली ते कळतं. स्टेप ४ आणि खाली दोन्ही संघ नंतर क्लबहाउसमध्ये जेवायला येतात. खेळाडूंशी बोलायला हरकत नाही, फक्त ट्रायलिस्टला ‘करार झाला का?’ विचारू नका. त्याचा निर्णय त्याच खोलीच्या कोपऱ्यात चाललेला असतो.

घरी गेल्यावर वहीतल्या खुणा टीम शीटच्या फोटोशी जुळवून ठेवा. पुढच्या आठ-दहा दिवसांत क्लब नव्या करारांची घोषणा करतो, फोटोसह. तुमच्या नारिंगी बुटांच्या डावखुऱ्याला तिथे नाव मिळालं तर लीगच्या पहिल्या घरच्या सामन्याची तारीख लिहून घ्या. नाही मिळालं तर आजूबाजूच्या एक पायरी खालच्या क्लबांच्या घोषणा तपासा, ट्रायलिस्ट बहुधा तिथेच सापडतात.